चेंडू आत येतो की बाहेर जातो?

प्रश्न : एकाच गोलंदाजाचे दोन चेंडू मला एकाच बाजूला वळताना दिसतात, तरी समालोचक एकाला आउटस्विंग आणि दुसऱ्याला इनस्विंग म्हणतात. असे का? माझी पंधरा वर्षांची मुलगी उजव्या हाताने मध्यमगती गोलंदाजी करते. तिने आधी काय शिकावे?

उत्तर : ही नावे फलंदाजाच्या बाजूने ठरतात : हवेत वळून त्याच्यापासून दूर जाणारा चेंडू आउटस्विंग, त्याच्याकडे आत येणारा इनस्विंग. 29 जानेवारी 2006 रोजी पाकिस्तानविरुद्धच्या कराची कसोटीच्या पहिल्याच षटकात डावखुऱ्या इरफान पठाणने शेवटच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, ते षटक याचा उत्तम नमुना आहे. सलमान बट डावखुरा असल्यामुळे चेंडू त्याच्यापासून दूर गेला आणि स्लिपमध्ये, म्हणजे यष्टिरक्षकाच्या शेजारी, राहुल द्रविडच्या हाती झेल गेला. त्यानंतरचे युनूस खान आणि मोहम्मद युसूफ उजव्या हाताने खेळणारे होते, त्यांच्यासाठी त्याच दिशेचे वळण आत येणारे ठरले. एक पायचीत झाला, दुसरा त्रिफळाचीत.

दोन्हींमागचे कारणही एकच आहे. शिवण किंचित तिरकी ठेवली की त्या बाजूच्या हवेच्या पातळ थरात खळबळ होते, तो थर चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो आणि चेंडू शिवणीचे तोंड असेल तिकडे झुकतो. त्यामुळे आपल्या मुलीने उजव्या फलंदाजाला आउटस्विंग टाकताना शिवण स्लिपकडे आणि चकाकणारी बाजू लेगकडे (फलंदाजाच्या पायांच्या बाजूला) ठेवावी. इनस्विंगसाठी शिवण फाइन लेगकडे (लेगच्या बाजूला यष्टीमागे) आणि चकाकी ऑफकडे (लेगच्या विरुद्ध बाजूला).

परिणाम मात्र फार वेगळे होतात. आउटस्विंग यष्टीच्या रोखाने येत असल्याने खेळावाच लागतो आणि शेवटच्या क्षणी बॅटची कड घेऊन जातो. इनस्विंगचे बळ फसवण्यात आहे. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मुंबईच्या बलविंदरसिंग संधूचा चेंडू बाहेरून जाणार असे समजून वेस्ट इंडीजच्या गॉर्डन ग्रीनिजने बॅट उचलून तो सोडून दिला, आणि चेंडू आत येऊन यष्टीवर आदळला. इनस्विंग सतत टाकला, तर फलंदाज सावध होतो आणि चेंडू जरा लेगकडे गेला की सहज धावा मिळतात.

म्हणून आधी आउटस्विंग शिकावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तिचा चेंडू मुळातच आत येत असेल, तर त्यासाठी शैली मोडू नये. सरावासाठी एका जुन्या चेंडूची एक बाजू शिवणीपर्यंत पांढरी रंगवून द्यावी आणि आपण यष्टीमागे, जाळीच्या पलीकडे उभे राहावे. हवेत दोन्ही रंग वेगवेगळे दिसले, तर मनगट चेंडूमागे सरळ आहे. ते मिसळून गेले, तर चेंडू सुटताना मनगट कलते आहे.