जपानी कंपनीशी पहिला व्यवहार करताना
टोकियोतल्या पहिल्या बैठकीतच होकार मिळेल, ही आशा सोडून दे. तिथे निर्णय बहुतेकदा बैठकीआधीच पिकलेला असतो. संबंधितांना एकेकटं गाठून शंका मिटवायच्या, याला नेमावाशी म्हणतात. मूळ अर्थ, झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून तयारी करणं. मग रिंगीशो हा लेखी प्रस्ताव खालून वर जातो, एकेक जण शिक्का मारतो. म्हणून कनिष्ठ अधिकाऱ्याच्या बारीकसारीक प्रश्नांनाही लेखी, नेमकी उत्तरं दे. आत तुझी बाजू तोच मांडणार आहे! मी थेट संचालकांच्या मागे लागलो होतो. सहा महिने वाया गेले. ‘केंतो शिमासु’, म्हणजे ‘विचार करतो’, हा पुष्कळदा सौम्य नकार असतो. आणि हो, व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घे. बैठक संपेपर्यंत टेबलावरच राहू दे.