वाचकांचे प्रश्न : दुसऱ्या दिवसाची चाल

प्रश्न : आम्ही साताऱ्यातील पाच मित्र गेल्या डिसेंबरमध्ये कमळगड, केंजळगड आणि रायरेश्वर असा तीन दिवसांचा ट्रेक करण्यास निघालो. पहिल्या दिवशी वाईहून एसटीने जाऊन कमळगड केला आणि पलीकडे उतरून खोऱ्यातल्या एका गावात देवळात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पोहे-चहा आटोपून साडेनऊला निघालो. केंजळगड पाहून संध्याकाळपर्यंत रायरेश्वरावर पोहोचायचे होते. मोबाईलवर अंतर चौदा किलोमीटर आणि एकूण चढ साडेसातशे मीटर दिसत होता. मात्र आमच्यातल्या एकाच्या मांड्या सकाळपासूनच भरून आल्या होत्या. तो मागे पडत गेला, दोघे पुढे निघून गेले, एका फाट्यावर आमची चुकामूक झाली आणि एका गुराख्याने वाट दाखवली म्हणून अंधारात कसेबसे रायरेश्वराच्या शिडीपाशी पोहोचलो. नंतर भांडण झाले ते वेगळेच. पुढे गेलेले म्हणतात की, तयारी नसेल तर त्याने यायलाच नको होते. आम्हाला या हिवाळ्यात पुन्हा जायचे आहे. चूक नेमकी कोणाची आणि दुसरा दिवस कसा आखावा? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चूक त्या मित्राची नाही, हे आधीच स्पष्ट लिहितो, म्हणजे उरलेले उत्तर तुम्ही शांतपणे वाचाल. चूक झाली ती वेळेच्या हिशेबात, आणि तो हिशेब तुम्ही पाचही जणांनी मिळून केला होता.

डोंगरातील वेळ मोजण्याचा एक जुना आडाखा आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये तो मांडला. दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास धरावा, असा तो हिशेब. तुमच्या आकड्यांना तो लावला तर चौदा किलोमीटरचे पावणेतीन तासांहून थोडे अधिक आणि चढाचा सव्वा तास, म्हणजे सारे मिळून सुमारे चार तास होतात. पण हा आडाखा तब्येतीने खणखणीत माणसाने, चांगल्या वाटेवरून, कुठेही न बसता चालण्याचा आहे. आपल्याकडे पाठीवर दहा-बारा किलोंची सॅक असते, कारवीच्या झुडपांतून वाट शोधावी लागते, दुपारचे ऊन कातळावरून अंगावर येते. म्हणून मी स्वतः त्या आकड्याची नेहमी दुप्पट करतो. तुमचे झाले आठ तास. त्यात केंजळगडाच्या माथ्यावरच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या, बांधकामाचा चुना मळण्याची घाणी आणि देवीचे पडके देऊळ पाहण्याचा एक तास मिळवा. साडेनऊला निघालेला माणूस साडेसहाला पोहोचणार, आणि डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तुमचा मित्र हरणासारखा धावला असता तरी शेवटच्या टप्प्यावर तुम्हाला टॉर्च लागलीच असती. शिवाय लोखंडी शिडी चढली म्हणजे मुक्काम आला असे होत नाही. पठारावरून मंदिरापर्यंत आणि जंगमांच्या वस्तीपर्यंत पुढे चालावे लागतेच.

आता त्याच्या मांड्यांविषयी. चढाने दम लागतो, पण स्नायू दुखावतात ते प्रामुख्याने उताराने. उतरताना प्रत्येक पावलाला शरीराचा भार मांडीच्या पुढच्या स्नायूंवर येतो आणि ते ताणले जात असतानाच त्यांना आकसावे लागते. त्यातून स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते. तिचे दुखणे त्याच वेळी जाणवत नाही. ते बारा-चोवीस तासांनी सुरू होते आणि एक ते तीन दिवसांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. म्हणजे कमळगडाच्या उताराची वसुली दुसऱ्या दिवशी सकाळी होणार, हे ठरलेलेच होते, आणि ज्याला उताराची सवय कमी त्याच्याकडून ती जास्त झाली. यावर उपाय जायच्या आधीचा आहे. साताऱ्यात राहणाऱ्याला अजिंक्यतारा दाराशीच आहे. निघण्यापूर्वी महिना-दीड महिना आठवड्यातून दोनदा सॅक घेऊन तो चढा आणि, मुख्य म्हणजे, घाई न करता उतरा. प्रत्यक्ष ट्रेकमध्ये उतारावर काठी वापरा आणि पावले लहान टाका.

पुढे निघून गेलेल्या दोघांना मात्र दोन शब्द सांगायचे आहेत. मागच्याची वाट पाहत थांबणारा सावलीत बसतो, पाणी पितो, चिक्की खातो, आणि मागचा धापा टाकत येऊन पोहोचला की ‘चला’ म्हणून उठतो. दिवसभरात असे दहा वेळा झाले तर ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे त्याला ती एकदाही मिळत नाही, आणि तो संकोचाने काही बोलतही नाही. शेवटचा माणूस येऊन सॅक उतरवेल तेव्हापासून थांब्याची दहा मिनिटे मोजायची, हा नियम आधीच ठरवून घ्या. सर्वांत हळू चालणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा, वाट माहीत असलेला पुढे आणि एक भक्कम गडी सर्वांच्या मागे. ज्यांच्या पायांत जोर जास्त, त्यांच्या सॅकमध्ये तंबू आणि पातेली जाऊ द्या. त्यांचा वेग आपोआप जुळेल. फाट्यावर सगळे जमल्याशिवाय कोणीही पुढे जायचे नाही, कारण या भागातल्या ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात आणि अर्ध्या तासाने कारवीत विरून जातात.

यंदा दुसऱ्या दिवशी उजाडताच, सातच्या सुमारास निघा. न्याहारी आदल्या रात्रीच्या भाकरी-पिठल्यावर भागवा किंवा पोहे गडावर करा. माणशी किमान तीन लिटर पाणी गावातूनच भरून घ्या. केंजळगडावरच्या टाक्यांच्या भरवशावर निघू नका. (कमळगडावरची गेरूची विहीर पाहून तुम्हाला हे कळलेच असेल. नावात विहीर आहे म्हणून तिच्या आशेवर रिकाम्या बाटल्या घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. तांबड्या भिंतींमधून खाली उतरत जाताना वाटणारा गारवा मात्र विसरता येत नाही.) दुपारी दोन वाजता केंजळगड उतरून झालेला नसेल, तर हट्ट सोडा. रायरेश्वराच्या शिडीच्या अलीकडे आता गाडीरस्ता आला आहे. दुखऱ्या पायाचा मित्र तिथून गाडीने भोरकडे उतरू शकतो, आणि त्याच्याबरोबर आणखी एकाने उतरावे.

प्रश्न : वासोटा किल्ला आणि जवळची नागेश्वरची गुहा, गडावर मुक्काम करून, दोन दिवसांत करता येतील का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाही. वासोटा कोयना अभयारण्यात, म्हणजे आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात येतो आणि तिथे रात्री राहण्यास वन विभागाची परवानगी नाही. मुक्काम बामणोलीला करा, सकाळच्या पहिल्या लाँचने शिवसागर जलाशय ओलांडा आणि दिवस मावळण्याआधी परत या. एका दिवसात दोन्ही ठिकाणे करायची तर चाल दमदार हवी. पहिल्यांदाच जात असाल तर नागेश्वर सोडून द्या आणि तो वेळ वासोट्यावरच्या बाबूकड्याच्या काठाशी, पण काठापासून चार पावले मागे बसून घालवा.