ईआरसीपीनंतर अमायलेज जवळपास चौपट, पण पोट दुखत नाही

तुम्ही लिहिलंय त्यावरून: वडिलांची काल सकाळी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेवर करतात ती प्रक्रिया) झाली, पित्तनलिकेतला खडा काढून स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकला. आज अमायलेज (स्वादुपिंडातलं पाचक एन्झाइम) 412 आलं, लॅबची वरची मर्यादा 110. पोट दुखत नाही, ताप नाही, व्यवस्थित जेवले. डॉक्टर घरी सोडतो म्हणतात आणि तुम्हाला रिपोर्टवरच्या त्या ठळक आकड्याची धास्ती वाटतेय.

एवढ्या माहितीवर याला स्वादुपिंडदाह (स्वादुपिंडाला सूज येण्याचा आजार) म्हणता येत नाही. पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांत एकाच तोंडाशी आतड्यात उघडतात. तिथे तार गेली, छेद घेतला की सूज येते आणि अमायलेज रक्तात उतरतं. दुखणं नसताना नुसता आकडा चढणं ईआरसीपीनंतर नेहमीचंच. निदानाला तीनपैकी दोन गोष्टी लागतात: वरच्या पोटात, बहुधा पाठीत जाणारं नवं दुखणं, अमायलेज किंवा लायपेज (स्वादुपिंडाचंच दुसरं एन्झाइम) वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त, सीटी किंवा सोनोग्राफीत सूज. तुमच्याकडे एकच आहे. फक्त एक बघा: ट्रॅमाडॉलसारखं वेदनाशामक इंजेक्शन चालू असेल तर 'दुखत नाही' याला फारसा अर्थ उरत नाही.

ही तपासणी खरी उपयोगी पडते ती त्याच दिवशी घरी सोडायचं असताना पोट दुखू लागलं तर. 2 ते 6 तासांत रक्त घ्यायचं. अमायलेज दीडपटीच्या आत आणि लायपेज चौपटीच्या आत असेल तर निर्धास्त सोडता येतं, असं 2020 ची युरोपियन मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दोन्हींतून एकच करायची तर लायपेज करा. अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं, किडनी कमजोर असेल तर उगाच वाढलेलं दिसतं आणि ट्रायग्लिसराइड खूप असतील तर आजार असूनही नॉर्मल येऊ शकतं. रोज सकाळी तीच तपासणी पुन्हा करण्यात मात्र पैसे वाया जातात, कारण आकड्याच्या उंचीवरून आजार किती गंभीर आहे ते कळत नाही.

त्यासाठी सीआरपी, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन. पण तो सावकाश चढतो, 48 ते 72 तासांत शिखर गाठतो. पहिल्या संध्याकाळचा नॉर्मल सीआरपी म्हणजे काहीच नाही. 48 तासांनी 150 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर गेला तर गंभीर धरायचं. मात्र एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, तिथे हेच 15 असतं, आणि 15 वाचून लोक निवांत बसतात.

हुडहुडी भरून ताप आला तर लक्ष पित्तनलिकेच्या जंतुसंसर्गाकडे न्या. स्टेंट तुंबलाय का, खडा राहिलाय का? पांढऱ्या पेशी, सीआरपी, बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज, आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का याची तपासणी), एवढं करून घ्या. पांढऱ्या पेशी 4,000 च्या खाली गेल्या तर ते 12,000 च्या वर जाण्याइतकंच वाईट. प्रोकॅल्सिटोनिन ही जंतुसंसर्गाची रक्ततपासणी महाग आहे, पण काही तासांत चढतं, म्हणून सेप्सिसच्या (जंतुसंसर्ग अंगभर भिनल्याच्या) शंकेत कामाचं.

बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं रंगद्रव्य) तिसऱ्या दिवशीही तसंच का, असं तुम्ही पुढे विचारालच. त्याचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो आणि तो दोन-तीन आठवड्यांच्या गतीनेच जातो. उतरतंय ना, एवढं पाहा. उतरलेलं पुन्हा चढलं तर मात्र थांबू नका.

रक्तस्राव छेदाच्या जागेतून आठवड्याभरानेही होतो, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी पुन्हा सुरू केल्यावर. सुरुवातीच्या काही तासांत हिमोग्लोबिन फसवतं, कारण रक्त गेलं तरी उरलेल्याची घनता तीच असते. डांबरासारखी काळी शौच, चक्कर, वाढलेली नाडी हे आधी दिसतं.

आतड्याला भोक पडलं असेल तर ते सांगणारी रक्ततपासणीच नाही. पोट कडक, दुखणं वाढतंय आणि लायपेज जेमतेम वाढलेलं, असं असेल तर रिपोर्टची वाट न बघता सीटी मागा.