मॉडेल रेल्वेच्या डीसीसी लेआउटवर (रुळातूनच डिजिटल हुकूम जातात, प्रत्येक इंजिन आपापल्या नंबरावर चालतं) एक इंजिन अचानक मेल्यासारखं उभं राहिलंय, बाकीची चालतात. डिकोडर (इंजिनातलं हुकूम ऐकणारं सर्किट) गेला का?

तुम्ही लिहिलंय की लाइट नाही, आवाज नाही, नंबर बरोबर टाकलाय, बाकीची दोन इंजिनं मस्त पळायलीत, आणि ओळखीतला एकजण म्हणतो डिकोडर उडाला, नवा मागवा. मागवू नका. निदान आज तरी नका मागवू. साउंड डिकोडर बाहेरून मागवायचा म्हणजे किंमत वेगळी, कस्टम वेगळं, आणि आल्यावर कळायचं की जुना चांगलाच होता.

ते इंजिन उचला आणि ज्या जागेवर दुसरं इंजिन आत्ता पळालंय बरोबर त्याच जागेवर ठेवा. तिथं चाललं तर इंजिन चांगलंय, रूळ मेलाय. एवढं साधं काम सोडून लोक डायरेक्ट सीव्ही (डिकोडरमधल्या आकड्यांच्या सेटिंग) बदलायला बसतात. आमच्या घरी हेच झालेलं, म्हणून एवढं टायपायलो.

आमचं घर परभणी जिल्ह्यात, जुनं, माळवदाचं. माळवद म्हणजे वरून माती गळणारच, खालून कापड ताणा, प्लॅस्टिक ठोका, बारीक माती येतेच. त्या खोलीत प्लायवर माझं एचओचं (1:87 मापाचं) लेआउट, पूर्णा जंक्शन डोक्यात ठेवून केलेलं (मीटरगेज होती तेव्हाचं पूर्णा, ज्यानं बघितलंय त्यालाच कळंल). इंजिन अमेरिकन अल्को कंपनीच्या डिझेल इंजिनाचं मॉडेल. आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-2 डिझेल इंजिनाचं डिझाइन मुळात अल्कोचंच, त्यामुळं रंग मारला की लांबून खपून जातं. त्याचा नंबर मी 6412 ठेवलेला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आमचे साडू पुण्याहून आले, सोबत पोरं. साडू कॉम्प्युटरवाले, त्यांचं स्वतःचंही लेआउट आहे, आणि मी मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो म्हणून मला डिजिटलमधलं काय कळणार असा त्यांचा पहिल्यापासून समज. पोरांना दाखवावं म्हणून सुरू केलं, दोन इंजिनं फिरायली आणि तिकडं भिंतीकडच्या लूपमध्ये उभं असलेलं 6412 काही हलंना. साडूंनी मीटर लावला, रुळावर 14 व्होल्ट. म्हणले, "बघा, सप्लाय ओके आहे, डिकोडरच गंडलाय, रिसेट मारतो." मी म्हणलं साडूभाऊ, थांबा जरा, मला बघू द्या, तर म्हणले तुमच्या पंपाच्या मोटरी वेगळ्या, हे वेगळं.

आणि सीव्ही 8 मध्ये 8 लिहून मोकळे झाले.

आता आमचा कंट्रोलर साधा, प्रोग्रॅमिंगला वेगळा आउटपुट नाही. असल्या कंट्रोलरवर प्रोग्रॅम मोडला गेलं की रुळावर जे जे उभंय त्या सगळ्यांना तो एकदम लिहितो, हे त्यांना माहीत असायला पाहिजे होतं की नाही? बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही 8 ला 8 म्हणजे फॅक्टरी रिसेट, आणि रिसेट झालेला डिकोडर नंबर 3 वर येतो. साडूंनी 3 दाबून नॉब फिरवला आणि दोन्ही चांगली इंजिनं एकदम निघाली, एक डबे ओढत आणि दुसरं समोरून. पॉइंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) भिडली. कपलरचा नखाएवढा तुकडा उडून गिट्टीत पडला, पोरं टाळ्या वाजवायली, आणि 6412 आपलं जागेवरच.

साडू म्हणले, गेला डिकोडर, रिसेट पण घेईना.

मग मी दुकानातून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब आणला, 12 व्होल्ट 10 वॅटचा, दोन वायरी लावलेला. पुढच्या रुळावर ठेवला तर लख्ख. मागं लूपमध्ये ठेवला तर आतली तार नुसती लाल झाली, विझायला आलेल्या उदबत्तीसारखी. मीटर मात्र तिथंच अजून 14 दाखवायला. कारण मीटर करंट ओढतच नाही ना! ही गोष्ट आमच्याकडचा कुठलाबी शेतकरी सांगंल, डीपीपासून लांब शेवटच्या मोटरला टेस्टर लावला तर लाइन आहे, स्टार्टर दाबला की मोटर नुसती गुणगुणते, उचलत नाही. माझी सगळी जिंदगी अशाच जळालेल्या मोटरी बांधण्यात गेलीय आणि हे मला म्हणतात वेगळं आहे. (साध्या मीटरवर डीसीसीचा आकडा तसाही बरोबर येत नाही, ती चौकोनी लाट असते, साइन नाही. तो विषय वेगळा.)

लूपच्या सुरुवातीची फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) ढिली होऊन आत माती आणि हिरवा गंज बसलेला, आणि त्या तुकड्याला स्वतःचा फीडर (मेन वायरपासून रुळाला येणारी वायर) नव्हता. 6412 हातानं हातभर पुढं सरकवलं, कंट्रोलरवर 3 नाही, जुना 6412 टाकला. लाइट लागली, हॉर्न वाजला, निघालं. म्हणजे त्याच्यापर्यंत रिसेट पोचलाच नव्हता. अख्ख्या लेआउटवर स्वतःचा नंबर ध्यानात असलेलं ते एकटंच इंजिन होतं, आणि साडू अजून लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात की दाजींचं बंद पडलेलं इंजिन मी रिसेट मारून चालू करून दिलं.

असो. तुमचं बघू.

जागा बदलून चाललं तर फिशप्लेटवर विश्वास सोडा. ती रूळ सरळ धरायला असते, करंट न्यायला नाही. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला फीडर सोल्डर करा, टेबलाखालून मेन वायर चांगली जाड घ्या, घरच्या वायरिंगची 2.5 स्क्वेअर एमएम पुरते. मग सगळी इंजिनं काढून जागोजाग दोन्ही रुळांवर नाणं आडवं ठेवून बघा, कंट्रोलर ताबडतोब ट्रिप झाला पाहिजे. जिथं होत नाही तिथली वायरिंग कमजोर, आणि तिथं नाणं धरून बसू नका, वायर तापते. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड. पॉलिश पेपर मारू नका, ओरखड्यात घाण आणखी बसते. हे मी कितीदा सांगितलंय पण आमच्याकडं एकजण अजून पॉलिश पेपरच घेऊन येतो, कोण ते कळलंच असंल.

चांगल्या जागेवर पण मेलेलंच असलं तर इंजिन उलटं करा. चाकांवर काळा थर असतो तो पुसा, चाकाला घासणारी तांब्याची पट्टी वाकून सुटलीय का बघा, मग बॉडी उघडून डिकोडरचा प्लग दाबून बसवा. हे सगळं होऊनही गप्प असलं तर एकदा 3 नंबर टाकून बघा, कुणीतरी रिसेट मारलेला असू शकतो, तुमच्याकडं पण साडू असतीलच. नंबर चार आकडी असंल तर सीव्ही 29 मध्ये 32 धरलेले पाहिजेत, नाहीतर डिकोडर सीव्ही 1 मधला छोटा नंबरच ऐकतो. म्हणजे सीव्ही 29 मध्ये नेहमीचा 6 असंल तर त्यात 32 मिळवून 38 लिहा.

लाइट लागती पण चाक हलत नाही, हा प्रकार वेगळा. तिथं आधी सीव्ही 19 बघा. कधीकाळी दोन इंजिनं जोडून चालवली असतील आणि जोडी न सोडता एक उचलून ठेवलं असंल, तर ते त्या जोडीचाच नंबर धरून बसतं, स्वतःच्या नंबरवर स्पीड घेत नाही. 19 मध्ये 0 लिहा, सुटतं. मात्र लिहिताना बाकीची इंजिनं रुळावरून खाली. हे मोठ्या अक्षरात वाचा.

आणि हो, डिकोडर कधीच जळत नाही असं मी म्हणत नाही. मोटरचा टोक बॉडीला किंवा रुळाच्या करंटला डायरेक्ट लागला तर जळतो, वास येतो, कधी प्लॅस्टिक फुगलेलं दिसतं. तसं दिसलं तर मागवा बिनधास्त. नुसतं प्रोग्रॅमिंग रुळावर (सेटिंग लिहा-वाचायच्या वेगळ्या रुळावर) वाचता येईना म्हणून मेला म्हणू नका. वाचताना डिकोडर मोटरला बारीक झटका देऊन जवाब देतो, साधारण 60 मिलिअँपचा, चाक घाण असलं किंवा मोटरची वायर सुटलेली असली तर तो झटका कंट्रोलरला दिसतच नाही. काही साउंड डिकोडर तर चांगले असूनही तिथं वाचता येत नाहीत, कारण सुरू होतानाच त्यांना जास्त करंट लागतो आणि प्रोग्रॅमिंगला तो मुद्दाम कमी सोडलेला असतो. कंट्रोलर कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाही, तेवढं कॉमेंटमध्ये टाका.