मिक जॅगर नट म्हणून खरंच चांगला आहे का, आणि त्याला पडद्यावर बघायला कुठून सुरुवात करावी?

तुम्ही लिहिलंय की जॅगर ज्या ब्रिटिश रॉक बँडचा गायक आहे, त्या रोलिंग स्टोन्सची गाणी पाठ आहेत, पण जॅगरला पडद्यावर फारसं पाहिलेलं नाही. तर आधी त्याचे चित्रपट बघावेत की कॉन्सर्टची चित्रणं, आणि त्याला नट म्हणावं का. आधी कॉन्सर्ट बघा. नट तो आहे, चांगला मोठा आहे, पण त्याची सगळ्यात मोठी भूमिका ‘मिक जॅगर’ हीच आहे आणि ती तो स्टेजवर करतो. एकदा ती नीट पाहिली की त्याचे चित्रपट कुठे जमलेत आणि कुठे फसलेत, हे कोणी सांगावं लागत नाही.

मी पुण्यात स्टेज कार्यक्रमांचं शूटिंग करतो. मैफली, नाटकं, गॅदरिंग, पुरस्कार सोहळे, जे येईल ते. त्यामुळे माझं लक्ष आधी कॅमेऱ्याकडे जातं. गायक माइकसमोर उभा राहिला तर आमचं काम सोपं असतं. जॅगर उभा राहतच नाही. तो डावीकडे बघतो आणि उजवीकडे पळतो. त्याच्यामागे कॅमेरा धरणाऱ्याला गाणं पाठ असावं लागतं, कारण तो शब्दांच्या आधाराने हलतो. एखाद्या ओळीच्या शेवटी हात कुठे जाणार हे गाण्यातच लिहिलेलं असतं.

७ एप्रिल २००३ ला स्टोन्सनी मुंबईत ब्रेबर्न स्टेडियमवर कार्यक्रम केला, त्याच्या तीन दिवस आधी बंगळुरूत. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ब्रेबर्नला खूप मागे उभा होतो. जॅगर करंगळीएवढा दिसत होता. तरी तो कुठे आहे हे एकदाही शोधावं लागलं नाही. कंबरेवरचा हात, वर उचललेलं कोपर, ती चाल, हे सगळं शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी घडवलेलं आहे हे मला त्या रात्री कळलं. त्या दौऱ्याचा ‘फोर फ्लिक्स’ नावाचा डीव्हीडी संच निघाला. त्यात मुंबई नाही, पण न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, लंडनचं ट्विकनहॅम स्टेडियम आणि पॅरिसचं छोटं ऑलिंपिया थिएटर आहे. तोच दौरा, तीच माणसं, तीन मापांच्या जागा. ऑलिंपियात तो भुवईने जे करतो, ते ट्विकनहॅमला अख्ख्या हाताने करतो. हे मी अनेकदा लागोपाठ लावून पाहिलंय आणि स्टेजवर काम करणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो.

आता सुरुवात. ‘द टी.ए.एम.आय. शो’ हा कॉन्सर्टचा चित्रपट लावा. ऑक्टोबर १९६४, कॅलिफोर्नियातलं सांता मोनिका, दोन दिवसांचं चित्रीकरण. चक बेरी, सुप्रीम्स, मार्विन गे, बीच बॉइज, सगळे आहेत. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर. शेवटी स्टोन्स येतात, पण त्यांच्या आधी जेम्स ब्राउन हा अमेरिकन सोल गायक येऊन गेलेला असतो. ब्राउन गुडघ्यांवर कोसळतो, त्याच्या खांद्यावर झूल टाकून त्याला आत न्यायला लागतात, तो ती झटकून पुन्हा माइककडे येतो, पुन्हा कोसळतो. सभागृह वेडं होतं. त्यानंतर एकवीस वर्षांचा जॅगर येतो, आणि आपल्याकडे यातलं काहीच नाही हे त्याला माहीत असल्याचं त्याच्या अंगात दिसतं. तो खुळखुळे हलवतो, थोडा नाचतो, थोडा बुजतो. मला तो फार आवडतो तिथे. पुढच्या पाच वर्षांत त्याने पाय कसे हलवायचे ते ज्यांच्याकडून उचललं, त्यांत ब्राउन पहिला. पन्नास वर्षांनी, २०१४ साली, ब्राउनच्या आयुष्यावर ‘गेट ऑन अप’ हा चित्रपट आला, तेव्हा त्याच्या निर्मात्यांत जॅगरचं नाव होतं. ते मला ऋण फेडल्यासारखं वाटतं.

मग १९६८ चा शरद ऋतू. त्या काही महिन्यांत जॅगरने दोन कामं केली आणि दोन्ही लगेच डब्यात गेली. एक ‘परफॉर्मन्स’. दिग्दर्शक डोनाल्ड कॅमल आणि निकोलस रोग. लंडनच्या नॉटिंग हिलमधल्या घरात कोंडून घेतलेला टर्नर नावाचा रॉक गायक, ज्याची जादू संपलीय, आणि त्याच्याकडे लपायला आलेला गुंड. गुंडाच्या भूमिकेत जेम्स फॉक्स. वॉर्नर ब्रदर्सला तो पाहून धक्का बसला आणि तो थेट १९७० ला बाहेर आला. यात एका ठिकाणी टर्नर अचानक केस चापून बसवलेला, सूट घातलेला टोळीप्रमुख होतो आणि ‘मेमो फ्रॉम टर्नर’ गातो. जॅगरच्या चित्रपटांतली सगळ्यात चांगली काही मिनिटं हीच, यावर मी वाद घालायला तयार आहे. इथे तो गायकच आहे, स्टेजवरचेच डोळे, तोच ओठ, पण खोली लहान आहे आणि समोर प्रेक्षक नाहीत. ती सगळी ताकद एका टेबलाभोवती फिरते आणि भीती वाटायला लागते.

दुसरं काम ‘रॉक अँड रोल सर्कस’. डिसेंबर १९६८, लंडनचा स्टुडिओ, सर्कशीचा तंबू उभारलेला. द हू आणि जेथ्रो टल हे ब्रिटिश बँड, ताजमहाल नावाचा अमेरिकन ब्लूज गायक, गायिका मेरियन फेथफुल, आणि जॉन लेनन, एरिक क्लॅप्टन, स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स, मिच मिचेल यांचा तेवढ्यापुरता जमलेला बँड. यजमान स्टोन्स सगळ्यात शेवटी, पहाटेच्या सुमाराला, थकलेले. द हूने आधी असं वाजवलं होतं की स्टोन्सना आपलंच काम फिकं वाटलं, असं सांगतात. ते चित्रण १९९६ पर्यंत बाहेर आलं नाही. स्टोन्सचा दुसरा गिटारवाला ब्रायन जोन्स याची बँडबरोबरची ही शेवटची हजेरी; पुढच्या जुलैत तो वारला. पण शेवटाकडे जॅगर शर्ट काढतो, छातीवर रंगवलेला सैतान, आणि थेट कॅमेऱ्याच्या भिंगात बघून गातो. तेव्हा त्याच्यासमोरचे प्रेक्षकही पेंगुळले असणार. तो त्यांना सोडून तुमच्याशी बोलायला लागतो.

आता ‘गिमी शेल्टर’. हा मनाची तयारी करून बघा, कारण यात एका माणसाचा खरोखरचा मृत्यू आहे.

अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स या भावांनी आणि शार्लट झ्वेरिनने केलेला हा चित्रपट १९७० चा. १९६९ च्या अमेरिका दौऱ्याच्या शेवटी, ६ डिसेंबरला, उत्तर कॅलिफोर्नियातल्या ऑल्टमाँट स्पीडवेवर फुकट कार्यक्रम ठरला. जागा शेवटच्या घटकेला बदललेली, जवळपास तीन लाख लोक, स्टेज अगदी बुटकं, आणि स्टेजची राखण हेल्स एंजल्स या मोटारसायकल टोळीकडे. आमच्या धंद्यातल्या कोणालाही हे वाक्य वाचून घाम फुटेल. स्टेज कमरेएवढं आणि पुढे बॅरिकेड नाही, तर काय होतं हे छोट्या गावातल्या कार्यक्रमातही कळतं. इथे तीन लाख होते.

‘अंडर माय थंब’ चालू असताना मेरेडिथ हंटर या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला एका एंजलने सुऱ्याने मारलं. हंटरच्या हातात पिस्तूल होतं; मागच्या मुलीच्या फिकट विणलेल्या कपड्यावर ते क्षणभर काळं उमटलेलं दिसतं. हे चित्रण पुढे खटल्यात ज्युरीला दाखवलं गेलं आणि आरोपी स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या आधी आणि नंतर आहे. आधी, स्टेजवर: जॅगर सव्वीस वर्षांचा, गाणं थांबवून लोकांना शांत व्हा म्हणून विनवतोय, आणि त्याचं कोणी ऐकत नाही. हात तेच, आवाज तोच, आणि काहीच चालत नाही. आयुष्यभर ज्या भूमिकेने गर्दी हलवली ती त्याच्या हातात गळून पडताना आपण बघतो. नंतर, एडिटिंग टेबलासमोर: मेझल्स भावांनी त्याला बोलावून ते चित्रण दाखवलंय आणि त्याचा चेहरा टिपलाय. तो रीळ मागे न्यायला सांगतो. पुन्हा बघतो. फार काही बोलत नाही. उठतो, दाराकडे जातो आणि चित्र त्याच्या चेहऱ्यावर गोठतं. मी तो चेहरा इतक्या वेळा पाहिलाय तरी त्यात नक्की काय आहे ते मला सांगता येत नाही. त्यात नट नाही एवढंच दिसतं. जॅगरच्या इतर कुठल्याही चित्रणात मला असा क्षण सापडलेला नाही. (याच चित्रपटात मसल शोल्सच्या स्टुडिओत सगळे ‘वाइल्ड हॉर्सेस’ ऐकत बसलेत आणि कॅमेरा स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्सच्या चेहऱ्यावर थांबतो, तो शॉट चुकवू नका.)

त्यानंतरचे चित्रपट भराभर सांगतो. ‘नेड केली’मध्ये (१९७०, दिग्दर्शक टोनी रिचर्डसन) तो ऑस्ट्रेलियाच्या लाडक्या दरोडेखोराची भूमिका करतो. एका इंग्रजाला ती दिली म्हणून तिकडे आधीच राग होता, आणि पडद्यावर तो खरंच हरवलेला दिसतो. ‘फ्रीजॅक’ (१९९२) सोडून द्या. ‘बेंट’ (१९९७) मात्र पाच मिनिटांसाठी बघा: नाझी काळातलं बर्लिन, बाईच्या वेषातला जॅगर वरून झोपाळ्यासारख्या कड्यात बसून खाली येतो आणि संगीतकार फिलिप ग्लासची चाल गातो.

जे काम पडद्यावर आलंच नाही, त्याची मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते. १९८१ साली पेरूच्या जंगलात जर्मन दिग्दर्शक वर्नर हर्त्झोग ‘फित्झकराल्डो’ हा चित्रपट करत होता. नायक जेसन रोबार्ड्स, त्याचा साथीदार जॅगर. बरंच शूटिंग झालं आणि रोबार्ड्स आमांशाने आजारी पडला. डॉक्टरांनी जंगलात परत जायला मनाई केली. पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलं, तर जॅगरला स्टोन्सच्या दौऱ्यासाठी निघावं लागलं. हर्त्झोगने दुसरा नट न शोधता ती भूमिकाच काढून टाकली आणि नायक म्हणून क्लाउस किन्स्कीला आणलं. लेस ब्लँकच्या ‘बर्डन ऑफ ड्रीम्स’ या माहितीपटात (१९८२) मूळ चित्रणाचा तुकडा शिल्लक आहे: चर्चच्या मनोऱ्यावर रोबार्ड्स आणि जॅगर घंटा बडवत गावावर ओरडतायत. जॅगर तिथे किती मोकळा आहे बघा! ज्या दौऱ्यासाठी त्याने हे जंगल सोडलं, त्याचीच फिल्म म्हणजे हॅल अॅशबीची ‘लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर’. अॅरिझोनातल्या टेम्पीचं उघडं स्टेडियम, संध्याकाळचं ऊन, रंगीत पडदे, आणि न थांबता पळणारा जॅगर. ती बघताना मला दर वेळी मनोऱ्यावरचा तो माणूस आठवतो.

उतारवयातली एकच भूमिका मी आवर्जून सुचवेन: ‘द मॅन फ्रॉम एलिसियन फील्ड्स’ (२००१). श्रीमंत बायकांना सोबतीला पुरुष पुरवणाऱ्या धंद्याचा तो मालक आहे आणि स्वतः एका जुन्या ग्राहक स्त्रीच्या प्रेमात पडलाय. ती अँजेलिका ह्यूस्टन. तो तिला लग्नाचं विचारतो, ती मनावर घेत नाही. जॅगर नुसता बसून राहतो. हलत नाही. इतकी वर्षं त्याला पळताना पाहिल्यावर ते बसून राहणं काळजाला लागतं, आणि म्हणूनच आधी कॉन्सर्ट बघा म्हणतो.

शेवटी ‘शाइन अ लाइट’. दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी, न्यूयॉर्कचं बीकन थिएटर, २००६ च्या शरदातले दोन कार्यक्रम, प्रदर्शन २००८. स्कोर्सेसीने कॅमेऱ्यांमागे जी माणसं उभी केली त्यांची यादी वाचूनच माझ्यासारख्याचे डोळे भरून येतात: रॉबर्ट रिचर्डसन, जॉन टोल, इमॅन्युएल लुबेझ्की, एलन कुरास. आणि त्यांच्याबरोबर हातातला छोटा कॅमेरा घेऊन अल्बर्ट मेझल्स. हाच तो ऑल्टमाँटचा मेझल्स. सदतीस वर्षांनी तोच माणूस त्याच गायकाकडे भिंग रोखून उभा आहे. सुरुवातीला स्कोर्सेसी गाण्यांची यादी मागत राहतो आणि ती शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या हातात पडत नाही. हे नाटक वाटेल, पण यादी नसताना कॅमेरे लावायची वेळ माझ्यावर अनेकदा आलीय आणि ती धाकधूक खरी असते.

त्यात बडी गाय पाहुणा म्हणून येतो, शिकागोचा जुना ब्लूजवाला. तो गायला लागतो आणि कॅमेरा जॅगरला सोडून त्याच्याच चेहऱ्यावर बराच वेळ थांबतो. गाणं संपल्यावर कीथ रिचर्ड्स आपल्या हातातली गिटार काढून त्याला देऊन टाकतो. जॅगर तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा. या गाण्यात कॅमेरा बाजूला वळला की नजर जॅगरवरच ठेवा. ज्यांच्यासारखं गायचं म्हणून पोरवयात हे सगळं सुरू केलं, त्यांच्यातला एकजण शेजारी उभा असताना तो कसा वागतो ते बघा, आणि लगेच सांता मोनिकाचा तो खुळखुळे हलवणारा मुलगा पुन्हा एकदा लावा.