तांबट आळीत सकाळी जा, आणि बंब बरोबर न्या

कॅनडाहून येणाऱ्या भाच्यांना पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी दाखवायची आहे, तिथं आता ‘आर्ट डिस्ट्रिक्ट’ झालंय असं ऐकलं, अर्ध्या दिवसात काय बघावं आणि काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माळ्यावरचा आजींचा, पाणी तापवायचा तांब्याचा बंब मोडीत द्यावा का, असंही. बंबाचं शेवटी सांगतो.

गॅलऱ्यांची रांग, रंगवलेल्या भिंती आणि कॉफीची दुकानं मनात धरून जाऊ नका. ही अजूनही काम करणारी आळी आहे. पेशवाईत पुणं वाढलं तसे तांबट, म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे कारागीर, इथं वसले. पुढे स्टील आलं, गॅस आला, गीझर आले आणि हंडे, घंगाळी, बंब यांची मागणी आटत गेली. जे टिकले त्यांनी हात तोच ठेवला आणि वस्तू बदलल्या: दिव्यांच्या शेड, कुंड्या, ट्रे, पाण्याच्या बाटल्या. वारसा जपणाऱ्या ‘इंटॅक’ या संस्थेच्या पुणे शाखेनं कारागीर आणि डिझायनर यांची गाठ घालून दिली, त्याचाही यात वाटा आहे. आळीचं नाव अलीकडे कलेच्या संदर्भात ऐकू येतं ते यामुळे. काम मात्र आजही जमिनीवर बसून, हातोडीनंच चालतं.

तिथं बघायचं ते मठारकाम, म्हणजे घडवलेलं भांडं हातोडीनं ठोकून कडक करणं, आणि ते आधी ऐकू येतं. ठोक्यांचा आवाज आला की त्या दिशेनं चालत राहा. पत्र्याला आकार देताना आणि सांधे झाळताना भांडं तापतं, आणि तापलेलं तांबं मऊ पडतं. तसंच वापरलं तर हाताच्या दाबानंही चेपेल. म्हणून ते चिंचेच्या किंवा आम्लाच्या पाण्यात स्वच्छ करून, जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर चढवून, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं थंड ठोकतात. प्रत्येक ठोक्यानं धातू दाबला जातो आणि कडक होतो. भांड्यावर चमकणारे ते छोटे छोटे खळगे लोकांना नक्षी वाटतात. मुळात ती भांड्याची ताकद आहे. प्रत्येक खळगा थोडा वेगळ्या कोनात वळलेला असतो, म्हणून उजेड तुकड्यातुकड्यांनी परततो आणि भांडं झळकतं. भाच्यांना एवढं आधी सांगून ठेवा, मग त्या अर्धा तास जागच्या हलणार नाहीत. माझ्या मुलीचं असंच झालं होतं. कारागीर एका हातानं भांडं किंचित फिरवतो, दुसऱ्या हाताचा ठोका आधीच्या ठोक्याला चिकटून बसतो, आणि ओळ भांड्याभोवती फिरून बरोबर सुरुवातीला येऊन मिळते.

जायचं ते कामाच्या दिवशी, सकाळी दहाच्या पुढे. गाडी नेऊ नका, त्या गल्ल्यांत ती लावायला जागा नाही. सप्टेंबर 2024 पासून भुयारी मेट्रो कसबा पेठ स्थानकापर्यंत जाते. तिथून चालत जा. दारात उभं राहून आधी विचारा, मगच फोटो काढा. ठोका पडत असताना समोर वाकून मोबाइल धरला तर हातोडी थांबते आणि लय मोडते. बहुतेकांकडे मजुरी नगावर किंवा वजनावर असते, तेव्हा थांबलेली हातोडी म्हणजे बुडालेले पैसे. भावाची घासाघीसही इथं करू नये, असं मला मनापासून वाटतं.

उरलेल्या वेळात कसबा गणपती करा. शनिवारवाडा जवळच आहे. लाल महाल मुलींना शिवरायांच्या गोष्टीसाठी दाखवा, पण ती 1988 ची वास्तू आहे, मूळ महाल उरलेला नाही, हेही सांगा. पाय चालत असतील तर सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती मात्र चुकवू नका. दर्शनी भिंतीवर साखळदंडानं बांधलेला गेंडा कोरलाय. दगडातलं असं काम पुण्यात दुसरीकडे सहज बघायला मिळत नाही.

खरेदी करताना अंगठ्यानं पत्रा दाबून बघा. पातळ असेल तर लगेच कळतं. मग खळगे जवळून बघा. हातानं मठारलेल्या दोन खळग्यांत थोडा तरी फरक असतो. साच्यातून काढलेले सगळे तंतोतंत सारखे दिसतात. कॅनडाला न्यायचं तर मठारलेली वाटी किंवा लहान तपेली घ्या, घंगाळाच्या वजनानं बॅग भरून जाईल. स्वयंपाकासाठी घेणार असाल तर आतून कल्हई, म्हणजे कथिलाचा मुलामा, हवीच. ताक, आमसूल, टोमॅटो असलं आंबट काही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. कल्हई काही वर्षांनी विरते आणि ती पुन्हा करून घ्यावी लागते. तिथं कल्हईवाला भेटेल का ते विचारा. नवसागराचा धूर उठतो आणि कथिल पुसताच काळं भांडं चांदीसारखं होतं, तेही भाच्यांना बघायला मिळेल.

आता बंब. कृपा करून मोडीत देऊ नका. मोडीवाला फक्त वजन बघतो, आणि जुन्या बंबांचा जाड पत्रा आता नव्या मालात क्वचितच येतो. आमचाही आठ वर्षं माळ्यावर होता, तळाशी गळायचा, तोटी गेलेली. मीसुद्धा मोडीचा भाव काढून ठेवला होता. आळीतल्या एका वयस्कर तांबटांनी तो बोटांनी वाजवून पाहिला, सांधा झाळून दिला, नवी तोटी बसवली आणि वरचं पोचलेलं अंग मठारून सारखं केलं. आता दर नरक चतुर्दशीला पहाटे गच्चीवर तो पेटतो आणि खालच्या मजल्यावरची मुलंसुद्धा बादल्या घेऊन येतात.

तुमचा बंब त्याच दिवशी रिक्षात घालून न्या. फक्त आधी घासूनपुसून लख्ख करू नका. गळती जिथं असते तिथं पाण्याच्या क्षाराची पांढरट किंवा हिरवट रेघ उमटलेली असते, आणि तांबट आधी तीच शोधतो.