आरशासारखी चमक, तरी मार्क कापले?

प्रश्न : घरची डुक्कर फियाट (1950च्या दशकातली फियाट 1100) डेंटिंग-पेंटिंगपासून सगळं करून घेतली. रंग असा बसलाय की त्यात बघून भांग पाडावा. तरी जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत रंगाचे आणि बोनेटखालचे मार्क गेले. कुठे कमी पडलो? – एक वाचक, परळ

कमी नाही, जास्त पडलात. परीक्षक एकच गोष्ट बघतो: ही गाडी नवी असताना अशी होती का? अमेरिकेतला एएसीए हा जुन्या गाड्यांचा 1935 सालचा क्लब गाडीला आधी पूर्ण 400 गुण देतो आणि चूक दिसेल तसे कापत जातो. डीलरने गिऱ्हाइकाच्या हाती दिली तेव्हाची गाडी, हे त्यांचं माप. कारखान्यापेक्षा सरस काम केलंत म्हणून 401वा गुण मिळत नाही.

1950च्या दशकात गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, नसे. तुमच्या पेंटरने आजचा टू-के (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मारून वर क्लिअरचे थर चढवले, घासले, पॉलिश केले. त्याने खोली येते, पण ती काचेची खोली आहे. जुन्या रंगाची चमक पृष्ठभागावरच असते, मऊ असते आणि वाकून पाहिलं की थोडं ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, दिसतं. शिवाय दरवाजाची आतली कड, डिकीच्या झाकणाची खालची बाजू, डॅशबोर्डमागचा पत्रा इथे कारखान्यातल्या माणसाने एक हात फिरवून गाडी पुढे ढकललेली असे. तुमच्याकडे तिथेही तोंड दिसत असेल, तर परीक्षकाची पेन्सिल तिथूनच चालू लागते.

बोनेटखाली बहुतेकांचा घात स्टेनलेसच्या नटबोल्टनी होतो. मूळ बोल्टांवर काळपट फॉस्फेटचा किंवा मंद राखाडी कॅडमियमचा मुलामा असायचा आणि डोक्यावर बनवणाऱ्याचा शिक्का. कॅडमियम विषारी, त्यामुळे आता सहसा कुणी करून देत नाही. पिवळी झाक नसलेलं साधं झिंक करून त्याची चमक थोडी मारली की जवळपास तेच दिसतं. जुने बोल्ट भंगारात गेले नसतील तर आधी तेच साफ करून घ्या. एअर क्लीनरवर क्रोम चढवलं असेल तर ते उतरवून रंग द्या. बाहेरचा रंग मात्र आत्ता खरवडू नका. बोनेटखालचं काम स्वस्त आहे, त्यात गेलेले मार्क आधी परत आणा.

उलट बाजूही सांगतो. रबरी नळी आवळायची, स्क्रू फिरवून घट्ट होणारी वर्म ड्राइव्हची जुबिली क्लिप दिसली की काही हौशी मंडळी लगेच नाक मुरडतात. ही क्लिप 1921 पासून आहे. ब्रिटिश गाडीवर ती अगदी बरोबर असू शकते.

प्रश्न : 1926 सालच्या गाडीचे दिवे आणि रेडिएटरची चौकट क्रोम करून घेतली. आता जाणकार म्हणतात, निकेल हवं. क्रोमवाला म्हणतो, सगळं परत करावं लागेल. – एक वाचक, दादर

जाणकारांचं बरोबर आहे. गाड्यांवर क्रोमचा मुलामा 1920च्या दशकाच्या अगदी शेवटी आला, त्याआधी निकेल. दोन्ही शेजारी ठेवा: क्रोम निळसर, थंड, निकेलला किंचित पिवळी, उबदार झाक.

क्रोमवाल्याचं मात्र पूर्ण खरं नाही. क्रोम म्हणजे तांबं, त्यावर निकेल आणि त्यावर क्रोमचा अगदी पातळ पापुद्रा. वरचा तेवढा पापुद्रा उतरवता येतो. खालचं निकेल शाबूत असेल तर बफ करून काम भागेल. नव्याने करायची वेळ आलीच तर ‘शेवटच्या टाकीत बुडवू नका’ एवढंच सांगा, आणि ब्राइटऐवजी डल निकेल करून हाताने बफ करायला लावा. मुंबईच्या खाऱ्या हवेत निकेल काळवंडतं. फडका मारत राहावं लागेल.

आणि हो, दिव्यांच्या कड्यांना फिलिप्स स्क्रू लावलेत का, ते पाहा. हे स्क्रू मोटारीवर आले ते 1936च्या कॅडिलॅकपासून. तुमच्या गाडीला सरळ खाचेचेच हवेत. सगळ्या खाचा एका रेषेत आणायची हौस करू नका, कारखान्यात तेवढी फुरसत नव्हती.

प्रश्न : आजोबांची 1947ची शेवरोले इथेच शिवडीला जोडलेली. अमेरिकेतून आणलेल्या पुस्तकाशी आतलं बरंच काही जुळत नाही. पुस्तकाप्रमाणे बदलू का? – एक वाचक, गिरगाव

मुळीच नाही. पुस्तक अमेरिकन कारखान्याचं आहे, तुमची गाडी शिवडीची. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सची जोडणी तिथे 1928 ते 1954 चालली. वालचंद हिराचंदांनीही 1944 मध्ये प्रीमियर कंपनी काढली आणि तिने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो या अमेरिकन गाड्या जोडल्या. भाग पेट्यांतून यायचे, आणि उजव्या स्टिअरिंगचे अमेरिकन बनावटीचे भाग बरेचदा कॅनडातून, कारण साम्राज्यातल्या मालाला जकातीत सवलत होती. टायरचंच घ्या: डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये साहागंजला 1936 पासून होता. तेव्हा अमेरिकन ब्रँडचा टायर नाही म्हणून गाडी ‘चुकीची’ ठरत नाही.

पण परीक्षकासमोर ‘आमची अशीच होती’ म्हणून भागत नाही, पुरावा लागतो. गाडी उघडण्याआधी सीटखाली, गालिच्याखाली, डॅशबोर्डच्या मागे जिथे मूळ रंग आणि कापड उरलंय तिथले फोटो काढा. बॉडी प्लेट (बॉडीचा नंबर असलेली पट्टी) रंगाखाली गाडली जाऊ देऊ नका. सीट उसवताना शिवणीच्या आत दुमडलेलं कापड सापडतं. ऊन न लागलेलं, म्हणजे खऱ्या रंगाचं. त्याची वीतभर पट्टी कापून ठेवा. आजोबांचं बिल, जुना फोटो, सगळं एका फायलीत घालून गाडीसोबत ठेवा. चोरबाजारातून ‘ओरिजिनल’ म्हणून काही उचलण्यापूर्वी ही फाइल काढून पाहा.

प्रश्न : रेडियल टायर आणि आजची बॅटरी चालेल का? – एक वाचक, ठाणे

रस्त्यावर खुशाल. परीक्षणाला जुन्या बनावटीचे क्रॉसप्लाय टायर आणि काळ्या पेटीची बॅटरी. दोन सेट ठेवा. मात्र वीस वर्षं माळ्यावर पडलेल्या क्रॉसप्लायवर घाट उतरू नका.

प्रश्न : काळीपिवळी पद्मिनी मिळतेय. खासगी गाडीसारखी करून व्हिंटेज नंबर घेता येईल का? – एक वाचक, कुर्ला

नंबरचं आधी. 2021च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसलेली गाडीच व्हिंटेज. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ मालिका, शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. रोजच्या वापराला बंदी. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ‘पद्मिनी’ हे नावच 1974चं आणि मुंबईत या टॅक्सीची शेवटची नोंदणी ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003ला झाली, म्हणजे बहुतेक टॅक्सी या नियमात बसायला अजून बराच वेळ आहे. तुमच्या गाडीचं साल कागदावर बघा.

रंगाबद्दल माझं स्पष्ट मत: पहिल्या दिवसापासून टॅक्सी असेल तर ती काळीपिवळीच ठेवा. पांढरी किंवा निळी केलीत तर दरवाजाच्या फटीतून पिवळा डोकावणारच, आणि परीक्षकाला तो तुमच्याआधी दिसतो. मीटर आणि वरचं कॅरिअर कारखान्याचं नव्हे, म्हणून त्याचे गुण नाहीत. पण ते नंतर बसवल्याचं गाडीच्या माहितीच्या कार्डावर लिहिलंत तर कुणी कापणार नाही. विकत घेण्यापूर्वी डिकीत वाका. सीएनजीच्या टाकीसाठी पाडलेली भोकं, कापलेला पत्रा किती आहे ते मोजा, आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा.